नीळकंठभाऊंचं दुपारचं रक्त

दारव्ह्याच्या बाजार समितीत सोयाबीनचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारणाऱ्या नीळकंठ इंगोलेंना माइक लागत नाही. मागे एकदा समितीने हौसेने माइक आणला होता. नीळकंठभाऊंनी त्यात पहिलाच भाव पुकारला आणि शेडच्या पत्र्यावरची कबुतरं जी उडाली ती दिवाळीनंतर परतली, असं हमाल सांगतात. हमाल काहीही सांगतात. पण माइक परत गेला हे खरं आहे.

देहही आवाजाला शोभेल असा. अडतिशी गाठलेली, पोट शर्टाच्या दोन बटनांमधून बाहेर डोकावणारं, मिशा अशा की समोरच्याने आधी त्यांनाच नमस्कार करावा. गालात कायम खर्रा. तंबाखू-सुपारीचा तो घोटलेला गोळा हर्रासाच्या वेळी डावीकडून उजवीकडे जातो आणि भाव सुटला की परत जागेवर येतो.

मात्र बाजारात त्यांना मान आहे तो आवाजामुळे नाही, एका मशीनमुळे. सोयाबीनच्या दाण्यात पाणी किती, हे सांगणारं डब्याएवढं मशीन त्यांच्या ताब्यात असतं. बारा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की व्यापारी भाव पाडतो. दिवाळीच्या आसपास शेतकरी भल्या सकाळी ट्रॉली घेऊन येतो, रात्रभर दव प्यालेला माल मशीनमध्ये जातो, मशीन चौदा-पंधरा दाखवतं आणि शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं. दुसरा कोणी असता तर आकडा लिहून मोकळा झाला असता. नीळकंठभाऊ मशीन उलटं ठेवतात.

"काका, हा आकडा तुमच्या मालाचा नोहे, दवाचा आहे. पसरवा तिकडे, ऊन खाऊ द्या त्याले. दुपारी मोजू."

"व्यापारी थांबते काय दुपारलोक?"

"त्याचा बाप थांबते. सकाळचा आकडा दवाचा, दुपारचा आकडा देवाचा!"

व्यापारी चरफडतात आणि थांबतात. या एका वाक्यावर नीळकंठभाऊंनी तालुकाभराचे आशीर्वाद मिळवले. वाक्य शंभर टक्के खरं होतं. पुढे जे काही घडलं ते वाक्य खोटं असल्यामुळे घडलं नाही. ते भलत्या मालाला लावल्यामुळे घडलं.

घरी तिघं. आई मैनाबाई, नीळकंठभाऊ आणि बायको मंजुषा. मंजुषा पांढरकवड्याची, दारव्हा आगारात कंडक्टर. हायवेवर वाढलेली मुलगी, त्यामुळे ट्रकवाल्याशी आणि पासवाल्याशी कसं बोलायचं हे तिला शिकवावं लागलं नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. मूल दोघांनाही हवं होतं. मैनाबाईंना तर त्या दोघांपेक्षाही जास्त हवं होतं, आणि उशीर कोणामुळे होतोय याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

त्यामुळे तपासण्या मंजुषाच्या झाल्या. यवतमाळच्या फेऱ्यांच्या मधल्या वेळेत, खाकी अंगावर असतानाच, तिने सोनोग्राफी केली, नळ्यांची तपासणी केली, थायरॉइड केलं, महिन्याच्या ठरावीक दिवशी रक्त दिलं. सगळं नीट निघालं. शेवटी यवतमाळच्या डॉक्टर अनघा काळमेघ तिला म्हणाल्या, "तुमचं झालं. खरं तर ही तपासणी सगळ्यांत आधी व्हायला हवी होती. आता यजमानांची वीर्यतपासणी करून आणा."

मंजुषाने घरी येऊन निरोप दिला. ज्या गळ्यातून निघालेला भाव दिग्रसच्या रस्त्यापर्यंत ऐकू जातो, त्या गळ्यातून त्या दिवशी एकच शब्द निघाला.

"पाहू."

हे 'पाहू' होळीपासून पोळ्यापर्यंत चाललं.

पोळ्यानंतर मात्र नीळकंठभाऊंना थकवा जाणवायला लागला. दुपारी गोणीला टेकले की डोळे मिटायचे. घोरणं इतकं वाढलं की मैनाबाई समोरच्या खोलीतून मागच्या खोलीत झोपायला गेल्या. चिडचिड व्हायची. बाकीच्या बाबतीतही मन लागेना, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. पण पियूषने ते त्यांच्या तोंडावरून ओळखलं.

पियूष त्यांचा चुलतभाऊ. बसस्टँडच्या मागे त्याची जिम आहे. तिथे सहा आरसे आहेत आणि पियूष सहाही आरशांत असतो.

"दादा, तू थकून राह्यला न?"

"हाव."

"चिडचिड?"

"तुले पाहून होते."

"पोट सुटलं. झोप येते. वहिनीसंग..." पियूषने इकडेतिकडे पाहून मोबाइल पुढे केला. त्यात एक पिळदार दंडवाला माणूस बोटांवर मोजत हीच यादी सांगत होता. "दादा, हे टेस्टोस्टेरॉन होय. पुरुषाचं पेट्रोल. तुह्या टाकीत कमी झालं. एक रक्ताची टेस्ट करून टाक."

"रक्ताची?" नीळकंठभाऊंचा चेहरा उजळला. "निस्तं रक्तच द्या लागते न? दुसरं काही नाही?"

"निस्तं रक्त."

रक्त देण्यात काही लाज नव्हती. रक्त लोक गणपतीच्या मंडपात देतात आणि वर केळ घेऊन फोटो काढतात. होळीपासून ज्या तपासणीला ते 'पाहू' म्हणत होते तिच्यापुढे ही अगदी सभ्य, घरंदाज तपासणी वाटली. शिवाय मंजुषाला सांगता आलं असतं की झाली बा माझीपण तपासणी.

चौकातल्या लॅबमध्ये गोपाल नावाचा मुलगा काउंटरला बसतो. त्याने व्यवस्थित सांगितलं, "भाऊ, उद्या सकाळी आठ ते दहाच्या मधात या. उपाशीपोटी."

नीळकंठभाऊ हसले. लहान पोराच्या पाठीवर थाप मारावी तसं हसले.

सकाळी! हा गोपाल शहाणा खरा, पण बाजारात कधी उभा राहिला नव्हता. सकाळी माल कसा दिसतो हे नीळकंठभाऊंना कोण शिकवणार? रात्रभर पडलेला माणूस, अंगात गारवा, पोटात काही नाही. त्या रक्ताचा आकडा काय खरा येणार? शिवाय सकाळी लॅबच्या बाकावर अर्धं दारव्हा साखर मोजायला बसलेलं असतं. ते सगळे विचारतील, "नीळकंठभाऊ, तुमी कायले आले?" आणि खोटं बोलायचा त्यांना सराव नव्हता.

ते गेले दुपारी. ऊन चांगलं तापल्यावर, तर्री-पोहे आणि वर दोन जिलब्या खाऊन. आदल्या आठवड्यात चार दिवस तापाने फणफणले होते, पण आता ताप नव्हता, म्हणजे माल वाळला होता. गोपाल जेवायला गेलेला. बाकावर कोणी नाही. आतल्या नव्या पोराने काही न विचारता सुई टोचली.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. दोनशे बत्तीस. शेजारी छापलेलं, की दोनशे सत्तरच्या खाली म्हणजे कमी. आकड्याखाली जाड रेघ.

नीळकंठभाऊ रिपोर्ट घेऊन गोदामाच्या मागे गेले. त्यांना धक्का बसला हे खरं. पण खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं. थकवा, चिडचिड, रिकामा पाळणा, सगळ्याला एकच कारण सापडलं होतं, आणि त्या कारणावर औषध होतं. त्यांनी पियूषला फोन लावला आणि हळू आवाजात सांगितलं. त्यांचा हळू आवाज म्हणजे बाकीच्यांची हाक.

"दोनशे बत्तीस निघालं रे."

"तरी मी म्हणलं! दादा, टेन्शन घेऊ नको. सुयांचा कोर्स आहे. मी मागवून ठेवतो. माह्या ओळखीचा कंपाउंडर लावून देते. तीन महिन्यांत पाय तू, बैल होशील."

"लेकरू होईन न?"

"लेकरू? दादा, क्रिकेटची टीम होईन!"

गुरुवारी पहिली सुई घ्यायची ठरली. गोदामाच्या पुढच्या बाजूला हमाल पोती लावत होते. त्यांनी पोती लावणं थांबवलं होतं, हे नीळकंठभाऊंना दिसलं नाही.

बुधवारी सकाळी दारव्हा-यवतमाळ गाडीत मंजुषा तिकिटं फाडत होती. लोहाऱ्याच्या कारखान्यात जाणारे दोघं मागच्या सीटवर बसले होते. तिने मशीन पुढे केलं.

"कुठे?"

"लोहारा दोन," एकजण म्हणाला आणि तिच्याकडे न बघताच शेजाऱ्याकडे वळला. "तं मी काय सांगत होतो, तो हर्रासवाला नीळकंठ हाय न, त्याच्या रक्तात मर्द कमी भरला म्हणते."

"काय म्हणतं! किती?"

"दोनशे बत्तीस."

"पायजे किती?"

"तीनशे तं पायजेच."

"एवढ्या मोठ्या मिशा असून? मंग बाकीचा गेला कुठे?"

"आवाजात गेला असंन. आता उद्यापासून पियूषच्या जिममधी सुया लावून राह्यला. घोड्याले देते न, तशा."

मंजुषाने दोन तिकिटं फाडून हातात दिली. "सुट्टे काढा."

"सुट्टे नाही न, बाई."

"मंग उतरा. दुसऱ्याच्या रक्ताचा हिशोब तोंडपाठ आहे, आपल्या तिकिटाचा नाही ठेवत."

सुट्टे निघाले. मंजुषा पुढे गेली आणि घंटीची दोरी ओढली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नीळकंठभाऊ ओट्यावर बसले होते. मैनाबाई देवळात गेल्या होत्या.

"सुई घेतली काय?"

नीळकंठभाऊंच्या गालातला खर्रा जागच्या जागी थांबला. "कोणं सांगतलं?"

"तुमीच सांगतलं. गोदामाच्या मागून साऱ्या गावाले सांगतलं. घेतली काय?"

"नाही. उद्या घेणार. तुलेच सांगणार होतो मी..."

"कधी? सुई टोचल्यावर?"

"मंजू, तुह्यासाठीच करून राह्यलो न मी. तूच म्हणत होती, तपासणी करा, तपासणी करा. केली. रक्त दिलं. कमी निघालं, मान्य आहे मले. लपवलं काय मी?"

"रक्त कोणं मागतलं होतं?" मंजुषाने चामड्याची बॅग खाली ठेवली. "मॅडमनं जे मागतलं होतं ते दिलं नाही. जे मागतलं नाही ते देऊन आले. वरून त्या पियूषच्या सांगण्यावर सुई! त्यानं दहावी तरी केली काय?"

"बारावी आहे तो. फेल."

"मॅडमले हा रिपोर्ट दाखवल्याशिवाय सुई घ्यायची नाही."

"बाई डॉक्टरले?" नीळकंठभाऊंचा आवाज चोरटा झाला. "बाई माणसाले हे कसं दाखवू मी?"

मंजुषा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तो सोनोग्राफीवाला बाई होता काय? नळ्या तपासणारा? तवा तुमी बाहेर बसून शेंगा खाऊन राह्यले होते. मी इचारलं काय, का मी पुरुष माणसाले कसं दाखवू?"

पियूषला फोन करून गुरुवार पुढे ढकलला गेला. पियूष म्हणाला, दादा, माल आणून ठेवला आहे, लवकर कर. नीळकंठभाऊ म्हणाले, पाहू.

डॉक्टर अनघा काळमेघांच्या खोलीत भिंतीवर बाळांचेच फोटो. त्या बाळांच्या नजरेखाली नीळकंठभाऊ खुर्चीच्या कडेवर बसले. डॉक्टरांनी रिपोर्ट उलटसुलट पाहिला.

"रक्त किती वाजता दिलं?"

"तीन वाजता. दुपारी."

"लॅबवाल्यांनी सकाळची वेळ नाही सांगितली?"

"सांगतली होती." नीळकंठभाऊ जरा सरसावून बसले. हा आपल्या धंद्याचा प्रश्न होता. "पण मॅडम, मी बाजारात ओलावा मोजतो. सकाळचा आकडा खरा नसते. दव असते न. ऊन लागल्यावर जो आकडा येते तो मालाचा असली आकडा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मंजुषाने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"सोयाबीनचं बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण माणसाचं उलटं. हे जे टेस्टोस्टेरॉन आहे ना, ते रात्री झोपेत भरतं. सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरत जातं. संदर्भासाठी जे आकडे छापलेले असतात ते सकाळच्या रक्ताचे. तुम्ही दुपारचं रक्त सकाळच्या मापाने मोजलं."

नीळकंठभाऊंचं तोंड किंचित उघडं राहिलं.

"खाल्लं होतं?"

"थोडंसं. तर्री-पोहे."

"आणि जिलबी," मंजुषा खिडकीला म्हणाली. "गोपालच्या बायकोनं सांगतलं मले. त्याच दुकानात होती ते."

"गोड खाल्ल्यावरही ते खाली जातं. त्या दिवसांत आजारी होता का?"

"ताप येऊन गेलता. पण उतरला होता."

"ताप उतरला तरी शरीर काही आठवडे सावरत असतं. आणि झोप कशी आहे?"

"झोप भल्ली आहे मॅडम. दुपारीपण लागते."

"घोरतात. मधामधात श्वास थांबते," मंजुषा म्हणाली. "मी उठून पाहतो, चालू आहे का नाही."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे दुपार, जिलबी, ताप आणि अर्धवट झोप. असं असताना हा आकडा कमी आला नसता तरच नवल. आणि नीळकंठराव, कसंही असलं तरी एका आकड्यावर निदान होत नसतं. दोन वेगवेगळ्या सकाळी, उपाशीपोटी, त्याच लॅबमध्ये मोजायचं. दोन्ही वेळा कमी आलं तरच पुढचा विचार."

"पुढचा म्हणजे सुई?"

"पुढचा म्हणजे पुढच्या तपासण्या. हे तयार करायचा हुकूम मेंदूतून येतो. हुकूम येतोय पण काम होत नाही, की हुकूमच निघत नाही, हे आणखी दोन-तीन रक्ततपासण्यांतून कळतं. आणि एकूण आकड्यातला मोकळा किती, तेही पाहायचं. बरंचसं टेस्टोस्टेरॉन रक्तातल्या दुसऱ्या एका पदार्थाला चिकटून फिरतं, ते लगेच कामाचं नसतं. पोट वाढलं की तो पदार्थच कमी होतो, मग एकूण कमी दिसतं, पण मोकळं कधी कधी पुरेसं असतं."

"म्हणजे वजन कापसाचं आणि काम रुईचं," नीळकंठभाऊ हळूच म्हणाले. "सरकी काढून किती उरते ते पाहा लागते."

"अगदी. आता त्या सुईचं सांगते, ते नीट ऐका." डॉक्टर पुढे झुकल्या. "बाहेरून हे हार्मोन टोचलं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे. तो हुकूम बंद करतो. हुकूम बंद झाला की अंडकोष शुक्राणू बनवणं कमी करतात. काही महिन्यांत संख्या शून्यावर येऊ शकते. सुई थांबवल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण त्याला कितीतरी महिने लागतात, आणि काहींचं पूर्ण येत नाही. ज्याला मूल हवंय त्याला ही सुई आम्ही देत नाही. गरजच पडली तर वेगळी औषधं असतात."

नीळकंठभाऊंनी भिंतीवरच्या एका जाड्या बाळाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"म्हणजे," ते म्हणाले, "बाहेरून तेलाची जहाजं आली की इथल्या सोयाबीनले कोणी इचारत नाही, तसं."

"तसंच."

"आन मी ते जहाज स्वतःच बोलावून राह्यलो होतो."

मंजुषाने टेबलावरचा रिपोर्ट घडी करून पर्समध्ये ठेवला. ती काही बोलली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

तापाचा परिणाम ओसरावा म्हणून डॉक्टरांनी काही आठवडे थांबायला सांगितलं. ते आठवडे नीळकंठभाऊंनी कसे काढले ते विचारू नये. बाजारात हर्रास चालू असताना मागून कोणीतरी "दोनशे बत्तीस!" अशी बोली लावायचं आणि अख्खी शेड हसायची. पियूषही एकदा तणतणत येऊन गेला.

"दादा, मागवलेला माल मी कुठे टाकू आता?"

"तूच लावून घे."

"मले कायले? माहं तं अजून लग्न व्हायचं हाय!"

"मंग लागलं पाय तुले कळायले," नीळकंठभाऊ म्हणाले आणि पुढच्या ढिगाकडे वळले.

शेवटी दोन सकाळी ते लॅबच्या बाकावर बसले. सगळ्यांच्या देखत, उपाशीपोटी, मिशांना तेलही न लावता. साखर मोजायला आलेल्या कांताबाईंनी विचारलंच, "नीळकंठ, तू कायले आला?"

"मर्द मोजायले," नीळकंठभाऊ म्हणाले. एकदाचं बोलून टाकल्यावर त्यांना जाणवलं, की यावर पुढे कोणी काही विचारत नाही.

पहिला आकडा तीनशे अठरा. दुसरा तीनशे छत्तीस. मोकळ्याचा हिशोबही बसला. डॉक्टर म्हणाल्या, "ठीक आहे. कडेला आहे, पण आत आहे."

दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. नीळकंठभाऊ मात्र खट्टू झाले.

"मॅडम, आजार नाही तं मग मी थकतो कायले?"

"झोपेत श्वास अडतो म्हणून. पोटामुळे. त्या खर्ऱ्यामुळे. झोपेची तपासणी करून घ्या, साखर पाहून घ्या. रोज चाला."

"याच्यावर सुई नाही?"

"नाही."

निरोगी ठरून इतका निराश झालेला माणूस त्या खोलीने क्वचितच पाहिला असेल. दंडवाल्या माणसाच्या यादीतली सगळी लक्षणं त्यांच्यात होती, आणि कारण निघालं घोरणं आणि खर्रा.

"आता," डॉक्टर म्हणाल्या, "मूल होण्याचा अंदाज या रक्तावरून लागत नाही. आकडा छान असून शुक्राणू कमी असणारे लोक मी रोज पाहते. ती दुसरी तपासणी राहिलीच आहे."

नीळकंठभाऊंनी मंजुषाकडे पाहिलं. मंजुषा खाकीच्या बाहीवरचा धागा तोडत होती. ती काही मागत नव्हती. मागून मागून तिचं झालं होतं.

"कोणत्या खोलीत जा लागते?" त्यांनी विचारलं.

त्या तपासणीचं वर्णन करण्यात अर्थ नाही. एवढंच, की डबी घेऊन ते गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने मागून खणखणीत आवाजात विचारलं, "काका, किती दिवसांचा परहेज झाला?" आणि वेटिंगमधल्या सगळ्या बायकांनी एकदम मासिकं वाचायला घेतली. आयुष्यात पहिल्यांदा नीळकंठभाऊंना दुसऱ्याचा आवाज मोठा वाटला.

रिपोर्ट सोमवारी मिळाला. संख्या कमी होती. शून्य नव्हती, पण पाहिजे त्याच्या बरीच खाली. डॉक्टर म्हणाल्या, यावर काम करता येईल. खर्रा आजपासून बंद, वजन उतरवा, नवे शुक्राणू तयार व्हायला तीन महिने लागतात, मग परत मोजू, गरज पडली तर उपचार आहेत. आणि जाताजाता म्हणाल्या, "ती सुई घेतली असती तर हे आहे तेवढंही मोजायला उरलं नसतं."

परतीच्या गाडीत मंजुषा ड्यूटीवर नव्हती. दोघं एका सीटवर बसली. लोहारा गेलं, निम्मा रस्ता गेला.

"मायले काय सांगायचं?" मंजुषाने विचारलं.

"पाहू," ते सवयीने म्हणाले. मंजुषाने खिडकीकडे तोंड फिरवलं, तेव्हा आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

घरी मैनाबाई अंगणात तूर निवडत होत्या. शेजारच्या रुखमाबाई सोबतीला. ओट्यावर झाकलेल्या ताटात भगर होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून मंजुषा मुलासाठी सोमवार करत होती, म्हणजे मैनाबाई तिच्याकडून करवून घेत होत्या.

"आली काय मंजू? भगर झाकून ठेवली तुह्यासाठी. गाडीत काही खाल्लं नाही न? मागच्या सोमवारी चहासंग बिस्कुट खाल्लं म्हणते. असं केलं तं देव कसा पावन, बाई?"

मंजुषा चपला काढत होती. नीळकंठभाऊ अंगणाच्या मधोमध उभे राहिले.

"माय."

"काय रे?"

"कमी माह्यात आहे."

हळू बोलायचा त्यांनी प्रयत्न केला असावा. पण गळा गळ्याच्या वळणावर गेला आणि ते वाक्य पुकारल्यासारखं निघालं. समोरच्या घरातला टीव्ही बंद झाला. मागच्या गल्लीत कोणाची तरी बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मंजूचं सारं नीट आहे. पयलेपासून नीट होतं. तपासणी मीच करत नव्हतो. आता केली. माह्यात कमी आहे. डॉक्टर म्हणे, होईन नीट, पण मले सुधरा लागन."

मैनाबाईंच्या सुपातली तूर सुपातच राहिली. रुखमाबाईंनी पदर सावरला, गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या.

"मी जातो वो माय. दूध तापवायचं राह्यलं."

"बस," मैनाबाई म्हणाल्या. "आयकलंच आहे तं पुरं आयकून जाय."

रुखमाबाई बसल्या. मैनाबाई मुलाकडे बघत राहिल्या. रागाने बघत होत्या की आणखी कशाने, ते नीळकंठभाऊंना कळेना. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं, आणि तिच्याकडे मात्र त्यांना फार वेळ बघवलं नाही.

"डॉक्टरनं खाणं कमी कर म्हणलं काय?"

"हाव."

"उपास चालते?"

"आता उपासाचं काय... चालत असन."

मैनाबाई उठल्या. ओट्यावरचं ताट उचललं आणि मुलाच्या पुढ्यात ठेवलं.

"मंग आजपासून सोमवार तू धर."

"माय, मी? हर्रासाच्या दिवशी? उपाशी पुकारू काय मी?"

"तिनं पाच वर्षं उपाशी घंटी वाजवली," मैनाबाई म्हणाल्या आणि परत सुपाजवळ जाऊन बसल्या. "आन देवापुढे निस्तं नाव सांगू नको. काय कमी आहे तेपण सांग. माहे सारे सोमवार भलत्याच्या नावावर गेले."

रुखमाबाईंनी तोंडाला पदर लावला.

मंजुषा आत गेली. थोड्या वेळाने थाळी घेऊन बाहेर आली आणि ओट्यावर नवऱ्याच्या शेजारी बसली. थाळीत सकाळच्या दोन भाकरी, भरल्या वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा होता. नीळकंठभाऊंनी भगरीकडे पाहिलं, मग वांग्याकडे पाहिलं.

"मंजू, एक घास..."

"नाही," मंजुषा म्हणाली आणि भाकरी मोडली.